मोकळ्या सोडलेल्या जागा

अर्दियाच्या गोदामातून बाबा भर दुपारी घरी आले, तेव्हाच मला धास्ती वाटली. चपला न काढता दारात उभं राहून ते म्हणाले, "हमीदभाई गेले. सकाळी, टेबलावरच." मी कॉलेजच्या सुट्टीत रत्नागिरीहून कुवेतला आले होते आणि त्याच संध्याकाळी बाबांच्या या मित्राकडे, हमीद चाचांकडे, जाणार होते. एक गोष्ट कबूल करायची होती. ती राहिली... आता दीड महिना झाला. इथं लिहून काय होणार, ठाऊक नाही, तरी लिहिते.

जलीबमधल्या एका टायपिंग सेंटरात चाचांचं टेबल होतं. अकामा म्हणजे राहण्याचा परवाना, रजा, बदली, सगळे अर्ज ते अरबीत टाइप करून देत. समोर बसलेल्या माणसाचं काम काहीही असो, आधी एकच विचारत, "नाव सांग. बापाचा पन सांग." कागदावर नाव असलं तरी तोंडानं म्हणायला लावत. लोक वैतागत. चाचा म्हणत, "कागदावर नाव तर हायच. तुज्या तोंडचा ऐकूदे मला." कॉलेजचा अर्ज भरायला मी तिथं गेले तेव्हा मलाही हे करावं लागलं. आमच्या घरात दहावीच्या पुढे कुणी गेलेलं नव्हतं. कायद्याला जाणार म्हटल्यावर त्यांनी चष्म्यावरून पाहिलं आणि खणातून एक जाड वही काढली.

शुक्रवारच्या बाजारात त्यांना दोन जुनी इंग्रजी पुस्तकं मिळाली होती, दोन्ही एकाच माणसाची. राणी व्हिक्टोरियाच्या काळातला हा प्राध्यापक. एका पुस्तकात राष्ट्राराष्ट्रांमधल्या कायद्यावरची व्याख्यानं, दुसऱ्यात आल्प्सच्या चढायांच्या हकिगती. अकरावीत शाळा सुटलेले चाचा डिक्शनरी घेऊन ती वाचत आणि त्या माणसाचं चरित्र मराठीत लिहीत. सुरुवातीला त्यांना त्याचं फार अप्रूप होतं. लढाईलाही नियम हवेत असं सांगणारा, पन्नाशीत बर्फात पायऱ्या खोदत शिखरावर जाणारा माणूस. मग ते त्या पानावर आले, जिथं तो लिहितो की हा कायदा सुधारलेल्या राष्ट्रांपुरताच, बाकीच्यांना तो लागू नाही. चाचांनी मला ते पान दाखवलं. "आपून बाकीच्यांत," म्हणाले आणि हसले. पण खरी किळस त्यांना दुसऱ्या पुस्तकाची आली. चारशे पानांत प्रत्येक शिखराची उंची फुटापर्यंत मोजलेली, वाटाड्यांची नावं आहेत, पण ओझी वाहणारे नुसते 'एक माणूस', 'दोन माणसं'. एक तर दरीत पडून मेला, त्याचंही नाव नाही. "त्याच्या कुत्र्याचा नाव हाय बघ," चाचा म्हणाले. "येडा असता तर सोडला असता. हुशार होता, म्हनून घान वाटते."

लिहिणं त्यांनी थांबवलं नाही. मात्र जिथं जिथं ओझेवाला येई, तिथं ओळीत नावाएवढी जागा मोकळी सोडू लागले. तेवढ्या जागा ठेवून ते पुढं लिहीत जात.

मागच्या वर्षी कॉलेजात निबंधस्पर्धा होती. चाचांनी वहीतल्या पानांचे फोटो पाठवले, तुझ्या कामाला येतील म्हणून. मी ते जवळजवळ तसेच उतरवले. मोकळ्या जागा विचित्र दिसत होत्या, गुण कापतील असं वाटलं, म्हणून मी त्या बंद करून टाकल्या. खाली माझं नाव घातलं. पहिलं बक्षीस मिळालं. फोनवर सांगितलं तेव्हा चाचांनी मिठाईच्या दुकानातून आणून अख्ख्या सेंटरला कुनाफा खिलवला, असं बाबा सांगत होते. मला त्यांनी एवढंच विचारलं, "जागा ठेवल्यास ना गो?" मी म्हटलं, हो चाचा.

ते गेल्यावर आठवड्याभरात सबाह अल-सालेममध्ये शोकसभा झाली. दारातच फ्लेक्स, त्यावर चाचांचा पासपोर्टचा फोटो आणि खाली नुसतं 'हमीद चाचा'. इथल्या आमच्या मराठी मंडळाचे अध्यक्ष बँकेत मोठ्या हुद्द्यावर आहेत. जिवंतपणी ते चाचांना 'बॅरिस्टर' म्हणून चिडवत, आणि दिवाळी अंकासाठी दिलेला चाचांचा लेख 'अर्धवट आहे' म्हणून त्यांनीच परत केला होता. त्या दिवशी ते म्हणाले, हमीद चाचा आपल्या मंडळाचं रत्न होते. समोसे खाता खाता लोक माना हलवत होते. मी माझी प्लेट खुर्चीखाली सरकवली. चाचांच्या खोलीत राहणाऱ्या सलीमभाईंनी वही आणली होती. अध्यक्षांनी ती चाळली आणि स्वतःच्या प्रस्तावनेसह पुस्तक काढायचं जाहीर केलं.

सभा संपल्यावर मी त्यांच्याजवळ गेले. म्हटलं, त्या जागा तशाच ठेवा.

"अगं, राहून गेलंय ते त्यांचं. आपण बंद करू. वाचणाऱ्याला कळणारसुद्धा नाही."

हेच मी केलं होतं, आणि खरंच कुणाला कळलं नव्हतं. इतका वेळ त्यांच्याबद्दल वाटणारी शिसारी माझ्याच अंगावर आली. मी टेबलावरची वही उचलली, छातीशी धरली आणि बाबांना म्हटलं, चला. मागून कुणीतरी म्हणालं, चार बुकं शिकली नाहीत तोवर...

कॉलेजला मी पत्र लिहायला बसले. निबंध माझा नाही, बक्षीस परत घ्या, खरा लेखक अमुक. तिथं पेन थांबलं. मला त्यांचं पूर्ण नावच माहीत नव्हतं. तीन वर्षांपूर्वी ज्यांनी माझ्या बापाचं नाव माझ्या तोंडून ऐकलं, त्यांच्या बापाचं नाव मी एकदाही विचारलं नव्हतं.

मी सेंटरवर गेले. चाचांच्या खुर्चीत नवीन माणूस होता, मान वर न करता ओळखपत्रांवरून नावं उतरवत होता. सलीमभाई मागच्या बाकावर बसले होते. त्यांना विचारलं.

"हमीद दाऊद साखरकर," ते म्हणाले. "दाऊद बंदरावर होता, आमच्या गावच्या खाडीवर. बोटीतली ओझी डोक्यावर घेऊन घाटी चढायचा. जल्मभर तेच केलान."

पत्र गेलं. कॉलेजचं उत्तर अजून आलेलं नाही. वही माझ्यासमोर उघडी आहे, दरीत पडलेल्या माणसाच्या पानावर. 'दोर तुटला आणि' यानंतर बोटभर मोकळी जागा, मग 'खाली गेला'. मी ते वाक्य मोठ्यानं वाचते. त्या जागेपाशी आले की थांबते, एक नाव म्हणायला जेवढा वेळ लागतो तेवढा... आणि मग पुढं वाचते.