रिव्हर्स

आमच्याकडं इंग्रजीचा गंध नसलेला माणूससुद्धा ‘रिव्हर्स’ हा शब्द रोज वापरतो. विहिरीवरच्या मोटारीचे फेज उलटे जोडले गेले की ती रिव्हर्स फिरते. ठरत आलेल्या लग्नातून पाहुण्यांनी अंग काढलं, की त्यांनी रिव्हर्स घेतला म्हणतात. मला गाडी शिकवताना मात्र नवऱ्यानं नेमका तोच गिअर वगळला.

शाळेमागच्या मैदानावर चार दिवस शिकवणी झाली. रिव्हर्सचं विचारलं तर म्हणाला, तुला काय करायचंय त्याचं? सरळ जायचं, वळसा घालून सरळ यायचं. मी गप्प बसले. त्या गप्प बसण्याचा मला अजून संताप येतो. पुढं लायसनही आलं, कसं ते विचारू नका.

सासूबाईंचं आठवड्यातून दोनदा डायलिसिस. आमच्या वस्तीवरून नगरला दहाच्या आत पोचायचं, नाहीतर मशीन दुसऱ्या पेशंटला देतात. नवऱ्याला कामावर जायचं असे, म्हणून त्याच्या आईला मी नेत असे.

वस्तीपासून डांबरी रस्त्यापर्यंत पाटाच्या पाण्याच्या चारीकडेनं एकच गाडी मावेल एवढी वाट. त्या दिवशी मध्यावरच समोरून उसानं भरलेला ट्रॅक्टर आला, मागं दोन ट्रॉल्या. दोन ट्रॉल्यांचा भरला ट्रॅक्टर मागं जात नाही, हे इथं शेंबड्या पोरालाही माहीत असतं. मागं मलाच जायचं होतं. मोटारसायकलवाले जमले आणि ‘रिव्हर्स घ्या, रिव्हर्स घ्या’ करत हातवारे करू लागले. मी गिअर टाकला, स्टेअरिंग नको त्या बाजूला फिरवलं आणि मागचं चाक चारीत उतरलं. लोक हसले. सासूबाई मागच्या सीटवर सुजलेले पाय धरून बसल्या होत्या.

सहा जणांनी गाडी उचलून वर घेतली. मला उतरवून ट्रॅक्टरवाल्यानंच ती एका दमात मागं नेली. आम्ही पोचलो तेव्हा पावणेअकरा वाजले होते. मशीन गेलं होतं. चार वाजता नंबर लागेपर्यंत सासूबाई बाकड्यावर बसून राहिल्या, आणि मला एक शब्द बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

संध्याकाळी सगळं ऐकून नवरा म्हणाला, “बाईच्या हातात गाडी दिली की हेच व्हनार.”

माझ्या तोंडात शिवी आली होती. पण सासूबाई अंथरुणावरून बोलल्या, “गाडी कुठं दिली तू तिला? निम्मी दिली. ऱ्हायलेली निम्मी आज म्या भोगली.”

सकाळी मी किल्ली घेतली, नवऱ्याला मैदानावर नेलं आणि गाडीत बसले. मी रिव्हर्स घेते, मागं उभं राहून सांगा, म्हणाले. तो गाडीच्या कडेला जाऊन उभा राहिला.

“कडेला नाही,” मी म्हणाले, “मागं.”