गुंडोरावांचा डावा हात

"सरळ वाऱ्याला कोणी नाव देत नाही." गुंडोराव बाकावर बसताना हे एकदा म्हणत आणि उठताना एकदा.

खरीप घरात आलं की मी महिना-दीड महिना चेन्नईला, अण्णा नगरात, माझ्या लेकीकडे येतो. नीलम आणि जावई सकाळीच कामाला जातात. मला तमिळ येत नाही. पहिल्या वर्षी मी समोरच्या बागेत मुक्या जनावरासारखा बसून असायचो. एका संध्याकाळी माझी टोपी पाहून शेजारच्या बाकावरून आवाज आला, "तुम्ही कोण्या गांवचे?" मराठीच, पण पोथीतून उठून आल्यासारखी, आणि चाल तमिळ.

तंजावरच्या मराठी घरातले हे गुंडोराव. छत्तीस वर्षं त्यांनी हवामानाच्या कचेरीत फुगे सोडले. सकाळी एक, संध्याकाळी एक. फुगा वर चढायचा, ते दुर्बिणीतून त्याच्या मागे डोळा लावायचे आणि कोणत्या उंचीवर वारा कुठून येतो ते वहीत लिहायचे.

मी म्हणालो, वारा मलाही कळतो. खळ्यात तिव्यावर, म्हणजे उंच तिपाईवर, उभं राहून धान्य उफणणाऱ्याला एकाच बाजूने वाहणारा वारा लागतो. वावटळ आली की दाणा आणि भूस एक होतं.

"हेच की!" गुंडोराव सरसावून बसले. "तुमचा उफणणीचा वारा तसा समुद्रावर व्यापारी वारा. महिनोन्‌महिने एका चालीने विषुववृत्ताकडे वाहतो. शिडाची गलबतं त्याच्या भरवशावर समुद्र ओलांडायची. आणि वावटळीची थोरली बहीण ते आमचं पुयल, चक्रीवादळ. तापलेल्या पाण्यावर जन्मतं, स्वतःभोवती गरगरतं, आठ-दहा दिवसांत मरतं. तुमची वावटळ एक खळं मोडते, हे चार जिल्हे मोडतं. गंमत पाहा, पुष्कळदा त्याला ढकलत आणतो तो पूर्वेचा सरळ वाराच. नाव मात्र वादळाला."

घरी ते एकटे. पत्नी त्रिपुरसुंदरी दोन वर्षांपूर्वी गेल्या. मुलगा रघुराम पुण्यात. एरवी त्याचे मेसेज येत, तेही सणावारी. वादळ उठलं की मात्र फोन येई. "मागल्या वादळात रघू चार दिवस येऊन राहिला," गुंडोराव सांगत. "वीज नव्हती. मेणबत्ती लावून पत्ते खेळलों." सांगताना त्यांचा चेहरा असा उजळे, की त्याच वादळात लोकांच्या घरांत पाणी शिरलं होतं हे मला आठवून घ्यावं लागे.

यंदा नोव्हेंबरच्या अखेरीला उपसागरात पुन्हा वादळ उठलं. रघुरामने विमानाचं तिकीट काढलं. गुंडोराव केस कापून आले. शेवग्याच्या शेंगा आणल्या, रघूची गादी गच्चीत उन्हाला टाकली.

बागेचा राखणदार सुब्बा रोज त्यांना विचारी, पुयल येणार का? मग गुंडोराव वाऱ्याकडे पाठ करून उभे राहत आणि डावा हात बाजूला ताणत. विषुववृत्ताच्या उत्तरेला असं उभं राहिलं, की डाव्या हाताला वादळाचं पोट. सुब्बा काहीतरी बोलून हसायचा.

"काय म्हणतो?"

"म्हणतो, अय्या वाऱ्याचे ट्रॅफिक पोलीस."

दोन दिवस तो हात आग्नेयेला, खोल समुद्राकडे होता. तिसऱ्या दिवशी, विमानाच्या आदल्या संध्याकाळी, ते पुन्हा तसेच उभे राहिले. वारा वायव्येचा झाला होता. हात ईशान्येकडे गेला. बराच वेळ त्यांनी तो खाली घेतला नाही.

"वर चाललं," ते म्हणाले. "आंध्राकडे. इथे नाही येत."

तेवढ्यात फोन वाजला. रघुराम. गुंडोराव नुसते फोनकडे पाहत राहिले.

"बोलू नका आत्ता," मी म्हणालो. "उद्या पोरगं येऊन पोचलं की मग सांगा."

फोन वाजून थांबला.

"रघू जन्मला त्या संध्याकाळी मी फुगा सोडलाच नाही," ते म्हणाले. "जानेवारी होता. आठ दिवस वारा एकसारखा. कालचे आकडे उतरवले आणि इस्पितळात धावलों. कोणाला कळलं नाही. चूक तरी काय असणार, सरळ वारा! पण ते पान अजून दिसतं मला. त्याच्यासाठी एकदा खोटं लिहिलं. आता दुसऱ्यांदा नाही."

फोन पुन्हा वाजला. या वेळी त्यांनी उचलला. त्यांना कमी ऐकू येतं, म्हणून आवाज मोठा ठेवलेला.

"अप्पा, टीव्हीवाले नुसते ओरडतायत. तुम्ही सांगा, येतंय ना नक्की? मीटिंग पुढे ढकललीय मी."

"नाही रे. वारा फिरला. ते आंध्राकडे चाललं."

"नक्की?"

"नक्की."

"हुश्श! सुटलो बाबा. मग तिकीट कॅन्सल करतो. पोंगलला बघू, काय?"

"सरी, बरं," गुंडोराव म्हणाले. "जेवलास का?"

पलीकडून फोन आधीच बंद झाला होता.

त्यांनी तो खिशात ठेवला. गादी गच्चीतच राहिली असेल, असं स्वतःशीच पुटपुटले आणि उठले. उठताना नेहमीचं वाक्य म्हणाले नाहीत. मी वाट पाहत होतो, पण म्हणाले नाहीत.

फाटकाशी सुब्बाने हसत हाक मारली. त्याचं तमिळ मला कळत नाही, पण पुयल हा शब्द कळला. गुंडोरावांनी मागे वळून पाहिलं नाही. चालता चालताच डावा हात ईशान्येकडे ताणला. सुब्बाचं हसू ओसरलं. तो झाडू धरून तसाच उभा राहिला, आणि बाकापाशी मी. वायव्येच्या कोरड्या वाऱ्यात ते गल्लीच्या टोकापर्यंत गेले, तो हात तसाच बाजूला धरून. मग वळले.