गर्जेभाऊंचा सामाईक फोल्डर

शेजारी बसून कुणी एका पानावरचा कोड उचलून दुसऱ्या पानावर चिकटवायला लागला, की गर्जेभाऊ त्याच्या हातातला माउसच काढून घेत. "कावून बे? भाकरीगणिक नवा तवा आणतो का घरी?" बीडच्या बसस्टँडमागे दोन खोल्यांत आमचं वेबसाइटी बनवायचं ऑफिस होतं. काम सगळं पायथनमध्ये, आणि त्यातले आमचे गुरू हे शिरूर कासारचे भाऊ.

पानाचा माथा, तळ, सूचनेची पट्टी, असे एचटीएमएलचे तुकडे भाऊ एकदाच लिहीत आणि फोल्डरांत नीट लावून ठेवत. हवा तिथं तुकडा नावानं बोलवायचा. सगळ्या गिऱ्हाइकांना चालेल ते 'सामाईक' फोल्डरात, एकट्याचं ते त्याच्या नावाच्या फोल्डरात. "हीर सामाईक असती, चूल न्हाई," हे आम्ही रोज ऐकायचो. लई छळायचे हो. पण एक तुकडा बदलला की सगळी पानं आपोआप सुधारत, तेव्हा तो छळ गोड लागे.

आमची दोन मोठी गिऱ्हाइकं म्हणजे सख्खे भाऊ. आधी दोघांचा एकच कोचिंग क्लास होता. मग भांडण झालं आणि एकाच रस्त्यावर समोरासमोर दोन क्लास झाले. बोलणं बंद. थोरल्या सरांच्या वाढदिवसाला त्यांच्या शिक्षकांनी साइटवर शुभेच्छा मागितल्या, आणि आम्हाला नियम शिकवणाऱ्या भाऊंनीच त्या सामाईक पट्टीत लिहिल्या. झालं. धाकट्यांच्या साइटवरही थोरल्यांचा फेट्यातला फोटो झळकला, खाली 'शुभेच्छुक : समस्त शिक्षक व विद्यार्थी'.

धाकट्या सरांचा फोन आला. "ही काय थट्टा लावलीय? आत्ता काढा, न्हाईतर तुमचं काम बंद." त्यांचं काम जाणं म्हणजे आमचा निम्मा पगार जाणं. भाऊंचा चेहरा पार उतरला. ते पट्टी काढणार तोच पुन्हा फोन वाजला, आणि या वेळी धाकट्या सरांचा आवाज अगदी बारीक होता.

"थांबा भाऊ. दादा आलेत, पेढे घेऊन. बाहेर बसलेत. म्हणत्यात, तू आधी हात पुढं केलास." मग म्हणाले, "राहू द्या ते."

मी म्हटलं, "सुटलो भाऊ, आता हात लावू नका."

"गप बे," भाऊ म्हणाले. त्यांनी शुभेच्छा सामाईक पट्टीतून काढल्या आणि दोघांच्या फोल्डरांत वेगवेगळ्या ठेवल्या. मग फोनवर हळूच विचारलं, "सर, तुमच्या साइटवरच्या शुभेच्छा आता तुमच्याच. शुभेच्छुक कोण लिहू?"



"धाकटा," सर म्हणाले. "एवढंच लिहा."