अमिनाच्या दारातली सुगी

मेंढरंवाल्या मंजुळाबाईला 'शरद ऋतू' म्हणा, ती नुसती तोंडाकडं बघत राहील. 'सुगी' म्हणा, बाई लगेच खुलते. दसरा सरला की सुगी. पिकं निघाली की फुलंब्रीच्या शिवारातून तिला आवतणं यायची. रिकाम्या रानात रातभर मेंढरं बसवायची, रानाला खत मिळायचं, शेतकरी दाणे द्यायचा. कुणाचं फुकट खायचं नाय, हा मेंढरंवाल्यांचा रिवाज.

पण दुष्काळाच्या त्या साली पीकच नाय, तर सुगी कुठली! मेंढ्या गाभण, अन् पोटं पाठीला लागलेली. नवरा सांडू म्हणाला, "खाटकाला देऊन मोकळं होऊ." मंजुळाबाई तडकली, "आधी मला दे!" अन् चाऱ्याच्या आशेनं कळप हाकत दोघांनी शहराकडचं बजाजनगर गाठलं.

तिथं भाजीचा गाडा लावणाऱ्या अमिनानं मेंढ्यांची वर आलेली हाडं बघितली अन् फ्लॉवरचा पाला पुढ्यात ओतला. "खाऊ द्या मावशी, रोज फेकतेच मी. रोज या." मंजुळाबाईचे डोळे भरले. पण फुकट कसं घ्यायचं? अमिनाच्या घरामागं तिचाच मोकळा प्लॉट होता. दिवस मावळल्यावर बाईनं न विचारता तिथं मेंढरं बसवली.

सकाळी बघते तर काय! नव्या घरासाठी गवंड्यानं पांढऱ्या फक्कीनं आखणी केली होती. मेंढरांनी ती पार तुडवलेली, वर लेंड्यांचा सडा. गवंडी शिव्या घालत उभा. मंजुळाबाईचं धाबं दणाणलं. आता पाला बंद, म्हणजे मेंढ्या गेल्याच.

"पोरी, चुकलं गं. आमच्यात खाल्ल्याची फेड अशीच करत्यात," ती कशीबशी बोलली.

अमिनानं लेंड्यांच्या सड्याकडं बघितलं अन् ती हसतच सुटली. "मिस्त्री, लकीरां फिर मार लेव! मावशीनं खत दिलं अन् तुम्ही बोंबलताय काय? मागचा एक कोपरा तेवढा सोडा, तिथं भाजी लावीन."

मेंढ्या तगल्या, व्याल्या. अमिनाचं घर उभं राहिलं. आता तिकडं मोकळा प्लॉट औषधालाही सापडत नाय. पण दसरा सरला की अमिनाचा फोन ठरलेला, "मावशी, सुगी आली. कोपरा वाट बघतोय." मग मंजुळाबाई लेंड्यांचं पोतं घेऊन एसटीत चढते, कंडक्टर नाक मुरडतो. मुरडू दे की!

फुलंब्रीत अजून दुष्काळाच्या गप्पा निघतात. त्या साली कुणाचीच सुगी झाली नाय, असं कुणी म्हणालं की ती ठणकावून सांगते, "माझी झाली. अमिनाच्या दारात झाली."