शमशादआपाच्या पेट्या

शमशादआपाच्या भाच्याचा, आसिफचा, फोन आला तेव्हा मी सांगलीत, मुलाच्या घरी, गॅलरीत मेथी निवडत बसले होते. “सिस्टर, फुप्पी गेली…” एवढंच तो बोलला. एरवी त्याच्या फोनमागं गिरणीची घरघर असायची, त्याला ओरडून बोलावं लागायचं. त्या दिवशी त्याचा श्वाससुद्धा ऐकू येत होता. मला निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. सांगलीत मी काकू आहे, आजी आहे. सिस्टर म्हणणारं इथं कुणी नाही. ती हाक कडेगावात राहिली होती, आणि तिथंही खरं तर एकाच घरात… मी पोचेपर्यंत दफन होऊन गेलं होतं. शमशादआपाच्या खोलीत बायका बसल्या होत्या, त्यांच्यात जाऊन बसले. सतरंजी अंथरली होती, पण पाठ टेकायला भिंत मोकळी नव्हती. तिन्ही भिंतींना खालपासून वरपर्यंत पेट्या लावलेल्या होत्या.

पेट्या म्हणजे फिटर, वायरमन, इंजिन-मिस्त्री पाने-पक्कड ठेवायला वापरतात त्या, पत्र्याच्या. सगळ्या जुन्या. काही साध्या, वर मूठ असलेल्या. काही उघडल्या की दोन्ही बाजूंना पायऱ्यांसारखे कप्पे पसरणाऱ्या. एखादीवर मूळ हिरवा रंग, एखादीवर कुणा मिस्त्रीचं नाव ब्रशानं काढलेलं, निम्मं पुसलेलं. भंगारात निघालेल्या या पेट्या ती शोधून आणायची आणि दुरुस्त करायची. गावाला यात काहीच कळायचं नाही. “आपाला पेट्यांचं याड हाय,” एवढ्यावर गाव थांबायचं.

आमची ओळखही पत्र्यानंच करून दिली. दवाखान्यात नर्स म्हणून माझी नुकतीच बदली झाली होती. एक उंच, हाडापेराची बाई, भुवयांपर्यंत पीठ, हाताला फडकं गुंडाळलेलं, दारात येऊन उभी राहिली. फडकं सोडलं तर अंगठ्याखाली चांगली खोल चीर. मी विचारलं, “विळीवर कापलं का?” ती म्हणाली, “न्हाई वं. पेटी चावली.” धनुर्वाताचं इंजेक्शन देऊन तिला पाठवली. काही दिवसांनी दुसरा हात घेऊन आली. मग पुन्हा एकदा. शेवटी मी वैतागून म्हणाले, “आपा, ही कसली पेटी पाळलीय तुम्ही?” तर हसून म्हणाली, “बघाया या की. च्या पन पाजते.”

संध्याकाळी गेले. तिचं लग्न कराडला झालं होतं. नवरा लवकर गेला, मूलबाळ नव्हतं, म्हणून ती भावाकडं परत आली आणि भावाला नकोशी झालेली पिठाची गिरणी तिनं चालवायला घेतली. आसिफ हा त्या भावाचा मुलगा. गिरणीमागच्या खोलीत तिचं हे दुसरं जग होतं. नवी आलेली पेटी ती आधी रॉकेलनं पुसायची. गंज धरलेल्या जागी चिंचेचा कोळ लावून ठेवायची, मग पॉलिश पेपरनं घासायला बसायची. पोचा आला असेल तिथं बाहेरून लाकडी ठोकळा धरून आतून ठोके द्यायची, आणि ते इतके हलके, की कुणाच्या दारावर संकोचानं थाप मारावी तसे. निघालेल्या रिबिटांच्या जागी नव्या मारायची. रंग मात्र नवा द्यायची नाही. जुना उरला असेल तेवढा ठेवायचा आणि उघड्या पत्र्याला जवसाचं तेल पुसायचं. मी एकदा म्हटलं, “मस्त लाल ऑइलपेंट मारा की.” म्हणाली, “म्हाताऱ्या मान्साला कलप लावल्यागत दिसंल, सिस्टर.”

पुढं मी तिच्याबरोबर हिंडायलाही लागले. गिरणीला सुट्टी आणि माझी ड्यूटी नाही असा दिवस जमला की आम्ही एसटीनं निघायचो. कधी विटा, कधी मिरज, एखाद्या वेळी थेट सातारा. लोक देवाला जातात, आम्ही भंगारवाल्यांकडं. दुकानदार आम्हाला बघून विचारायचा, “काय ताई, रद्दी घालायची हाय व्हय?” आपा सरळ आत शिरायची, सायकलींच्या सांगाड्यांमधून वाट काढत. पेटी दिसली की आधी झाकण उघडायची आणि झाकणाच्या आतल्या अंगावरून तळहात फिरवायची. डोळे दुसरीकडेच असायचे, आंधळ्या माणसानं चेहरा चाचपावा तसा हात फिरायचा. मला वाटायचं, गंजानं पत्रा कुठं खाल्लाय ते बघत असेल. मग एकदम हात काढून घ्यायची आणि म्हणायची, “घेऊ या. चांगली हाय.” त्या ‘चांगली हाय’मध्ये आनंद कमीच असायचा. पण परतीच्या एसटीत, पेटी पायाशी ठेवून, आम्ही खूप हसायचो. भेळ खायचो. ती मला तिच्या सासूच्या गोष्टी सांगायची, मी तिला डॉक्टरांच्या नकला करून दाखवायचे. आता आठवतं तेव्हा वाटतं, आयुष्यात मी कुणाबरोबर एवढी फिरलेच नाही.

म्हसवडचा सिद्धनाथ आमचं कुलदैवत. एका वर्षी मी दर्शनाला निघाले तर आपा म्हणाली, “मी पन येते. बाजार बघीन.” दर्शन झालं, ऊन चढलं, आणि आम्ही गावाबाहेरच्या एका रसवंतीत बसलो. रसवाल्यानं ऊस घातला आणि चरकाची मोटर बंद पडली. तो कासावीस झाला, कुणाला तरी फोन केला. थोड्या वेळानं मोटरसायकलवरून पन्नाशीकडं झुकलेला एक माणूस आला, मागच्या सीटला ट्यूबनं बांधलेली पेटी सोडली आणि आमच्या बाकड्याशेजारी खाली ठेवून उघडली. त्याचं नाव बिरा. आसपासच्या विहिरींवरच्या मोटरी दुरुस्त करणारा.

आपा बाकड्यावरून उठली. काही न विचारता खाली बसली आणि झाकणाच्या आत हात घातला. बिरा बघतच राहिला. मीही. या वेळी तिचा हात फिरत नव्हता. एका जागी थांबला होता. मी वाकून पाहिलं. पत्र्यावर बारीक बारीक खड्ड्यांनी, पंच मारून, एक अक्षर काढलेलं होतं. ‘श’. पण उलटा, आरशात दिसावा तसा. आणि त्या खड्ड्यांमध्ये पिवळं काहीतरी साचलेलं.

“ह्ये पिवळं काय?” आपानं विचारलं. आवाज तिचा वाटत नव्हता.

“हळद हाय, आक्का. खंडेनवमीला आई लावायची. ती खूण कशाची आमाला म्हाईत न्हाई, पन देवाची आसंल म्हनून…” बिरा ओशाळल्यासारखा म्हणाला. “आमी मेंढरावाली मानसं. बा मेंढरं घिऊन फिरायचा, तवा कुठल्या तरी बाजारात ही घेतली त्यानं. मेंढरांची औशदं ठेवायला. आमच्या घरात कुलूप लागनारी तेवढी एकच वस्तू हुती.”

आपा तिथंच जमिनीवर बसून राहिली, आणि मग तिनं सांगितलं. मला जे कधी सांगितलं नव्हतं, ते तिनं त्या अनोळखी माणसाला सांगितलं. तिचे वडील विहिरींवरची तेलाची इंजिनं दुरुस्त करायचे. ही पेटी सायकलच्या कॅरिअरला बांधून गावोगाव जायचे. ती लहान असताना त्यांच्यामागं लागायची, मलाही न्या म्हणून. एक दिवस त्यांनी तिच्या हातात पंच आणि हातोडी दिली. म्हणाले, “तुझं अक्षर काढ हितं. मग तू माझ्यासंगंच असशील.” ती नुकतीच अक्षरं शिकत होती, तिनं उलटा काढला. पुढं वडील अचानक गेले. शाळेतून घरी आली तर पेटी नव्हती. जुन्यावर भांडी देणारी आली होती, आईनं पेटी देऊन घागर घेतली होती. “आईवर न्हाई रागावले मी,” आपा म्हणाली. “दारात रिकामी पेटी बघवत नसंल तिला. पन मला बघायची हुती…”

बिरानं हात पुसले. पेटीतले पाने एकेक करून बाहेर काढून फडक्यावर ठेवायला लागला. “घिऊन जावा, आक्का. तुमच्या बाची हाय.”

आपानं ते पाने पाहिले. तिच्या वडिलांचे नव्हते ते, बिराचेच, घासून पांढरे झालेले. “आन तू हे कशात ठेवशील? गोनपाटात?” ती म्हणाली. “बिजागरी ढिली झालीया. थोडे दिस दे मला, नीट करून आनून देते.”

ते थोडे दिवस फार लांबले. बिजागरी एका दुपारी बसली, मूठ नव्यानं आवळून झाली, बाहेरच्या अंगाला तेल लागलं. आतली हळद तिनं पुसली नाही, त्या जागेभोवतीच घासलं. पेटी गिरणीत, पट्ट्याच्या बाजूला, तिच्या नजरेसमोर असायची. मी विचारलं की म्हणायची, “आजून तेल मुरलं न्हाई.” मग पाऊस लागला. “पावसात कशी न्यायची?” मी विचारायचं सोडून दिलं. मनात म्हणायचे, ठेव बाई, तुझीच आहे, कोण तुला बोल लावणार आहे? बिराचाही एकदाच फोन आला. पाने पोत्यात घालून फिरतोय, पोतं फाटलंय, असं काहीतरी तो हसत हसत बोलला. पेटी मागितली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी आपा माझ्या दारात, पेटी कापडात बांधून. “चला सिस्टर, म्हसवडला.”

जाताना एसटीत पेटी तिच्या मांडीवर होती. कंडक्टर म्हणाला, वर ठेवा. तिनं ऐकूनच घेतलं नाही. बिराच्या घरी त्याच्या बायकोनं भाकरी-पिठलं खाऊ घातलं, नव्यासारखी झालेली पेटी पोराबाळांनी उघडून-मिटून पाहिली. आपा हसत होती, बिराला तेल कसं लावायचं ते सांगत होती. परतीच्या एसटीत ती खिडकीशी बसली. हात कुठं ठेवावेत ते तिला कळत नव्हतं. मांडीवर ठेवले, मग दांडीवर, परत मांडीवर. औंध मागं पडलं तेव्हा म्हणाली, “तुमची पिशवी द्या हिकडं.” मी दिली. माझी ती साधी कापडी पिशवी ती कडेगावपर्यंत दोन्ही हातांनी धरून बसली.

त्यानंतरही ती पेट्या आणत राहिली. दुरुस्त झालेल्यांतली एखादी नव्यानं कामाला लागलेल्या कुणा वायरमनला, मिस्त्रीला देऊन टाकायची. पुण्याचा कुणी एक हॉटेलवाला शोभेला मांडायला पेट्या मागत आला, त्याला चहा पाजून परत पाठवलं. भंगाराच्या दुकानात मात्र आता ती आधी मूठ बघायची, तळ बघायची, कडी लावून बघायची. झाकणाच्या आत हात घालत नव्हती. वर्षातून एकदा म्हसवडला जाऊन यायची. पिठानं छाती भरली, दम लागायला लागला, तरी जायची. मी सांगलीला आल्यावर ती एकटीच जाऊ लागली.

आपा गेल्याचं बिराला फोनवर सांगणं मला जमेना. काही आठवड्यांनी मीच गेले. तो एका शेतात विहिरीवर होता. मला एकटीला बांधावरून येताना पाहिलं आणि तो उठून उभा राहिला; मला फारसं काही बोलावंच लागलं नाही. बराच वेळ त्यानं टोपी हातात धरली. मग म्हणाला, “मालकाचं रान वाळाय लागलंय. मोटर सोडून जाता येत न्हाई. तुमी बसा.” मी कडुलिंबाखाली बसले. तो एक पाना काढायचा, पेटीचं झाकण लावायचा. पाना ठेवायला उघडायचा, दुसरा घ्यायचा, पुन्हा लावायचा. मी म्हटलं, “उघडीच ठेव की रे. सारखं कशाला…”

“आक्का वरडत्यात,” तो म्हणाला. “धूळ जाती म्हनत्यात.”

तो पुन्हा मोटरीकडं वळला. रानात वारा सुटला होता. थोड्या थोड्या वेळानं मागं झाकण लागल्याचा आवाज यायचा, हलका, बेताचा… पाणी येईपर्यंत मी तिथं बसून होते. पाणी आल्यावरही उठावंसं वाटलं नाही.