दोरा बांधलेले ट्युलिप

"पब्लिक को यही चाहिए, अम्मा." त्यांच्या सिनेमातली कुठलीही घाण दाखवली की ते एवढंच म्हणायचे आणि हात झटकून मोकळे व्हायचे. समोरच्या बाईला अम्मा म्हणायची त्यांच्याकडची रीत. त्याच तोंडाने ते सेटवर नटीला काय काय बोलायचे, ते इथे लिहवत नाही.

ते तेलुगू सिनेमाचे दिग्दर्शक, आणि वाखनिंगन या डच गावातल्या आमच्या लॅबमधल्या एका सहकारिणीचे वडील. दरवर्षी लेकीकडे येत. ती त्यांना नान्ना म्हणे, आम्ही सर. पहिला सिनेमा त्यांनी एका विणकराच्या बायकोवर काढला होता. मी तो पाहिलाय. इतका सच्चा सिनेमा मी क्वचितच पाहिला असेल. तो आठवडाभरही चालला नाही आणि विसरला गेला. त्यानंतर तीस वर्षं त्यांनी मारामाऱ्या आणि नट्यांच्या कंबरा दाखवल्या, आणि शेवटी तेही चालेना. जेवताना शूटिंगचे किस्से सांगून स्वतःच खदाखदा हसायचे. लेक मान खाली घालून भात कालवत बसे.

बरीच वर्षं रिकामी गेल्यावर एक निर्माता भेटला. शेवटचीच संधी. गाणं ट्युलिपच्या शेतात हवं होतं. मी ट्युलिपच्या रोगांवर काम करते, त्यामुळे शेत मिळवून द्यायचं काम माझ्या गळ्यात पडलं. ओळखीच्या शेतकऱ्याने एकच बजावलं: बुधवारी फुलं कापणार. इथला शेतकरी कंद विकतो. कंद पोसावा म्हणून ऐन बहरात फुलांची मुंडकी उडवतो. हे मी सरांना दोनदा सांगितलं.

"फूल उगानेवाला फूल काटेगा? मुझे मत सिखाओ, अम्मा. मुहूर्त गुरुवार का है."

मुहूर्त हैदराबादच्या ज्योतिषाने काढलेला. तो काही हलणार नव्हता.

गुरुवारी नारळ घेऊन सगळे उतरले, तर नजर पोचेल तिथवर नुसते हिरवे देठ. फुलं सरींमध्ये पडलेली. सगळे माझ्याकडे असे बघायला लागले, जणू मीच कापली. सरांनी सर्वांदेखत मला अडाणी म्हटलं. मी तडक गाडीकडे निघाले.

तेवढ्यात ते बांधावर गुडघे टेकून बसले. एक डोळा मिटून बराच वेळ बघत राहिले. "दो सौ फूल बस. बाकी खेत लेन्स भर देगा. धागा लाओ."

ड्रेसवाल्याकडे हिरवा दोरा निघाला. आम्ही सगळे, नायिकासुद्धा, मुंडकी पुन्हा देठांना बांधत बसलो. मीही परत आले. सर स्वतः बांधत होते. मग एकच शॉट घेतला. ती बांधलेली फुलं वाऱ्यावर डुलतात आणि नायिका त्यांना हात न लावता पलीकडून चालत जाते. मॉनिटरवर ते बघून मला कळलं: पहिल्या सिनेमाचा माणूस अजून जिवंत होता.

पुढच्याच मिनिटाला त्यांनी तीच फुलं उपटायला लावली. नायिकेची ओढणी काढून तिला ओल्या मातीत निजवलं आणि तिच्या बेंबीवर फुलं फेकायला सुरुवात केली. चौदा टेक झाले. थंडीने पोरीचे ओठ निळे पडले, तरी हे आपले "स्माइल, स्माइल!" मला किळस आली. त्याहून जास्त किळस मी तिथे गप्प उभी राहिले याची.

"सर, वो बना सकते हैं, तो ये क्यों?" मी शेवटी विचारलं.

"वो? उस पे सीटी कौन बजाएगा?"

सिनेमा आला तो आम्ही लेकीकडेच पाहिला. बेंबी होती, चांगली मनसोक्त होती. तो शॉट नव्हता.

"निर्माता ने काटा?" मी विचारलं.

"मैंने," ते ताटातून मान वर न करता म्हणाले. सिनेमा तीन दिवसांत उतरला. पुन्हा त्यांना कुणी बोलावलं नाही.

गेल्या वर्षी ते गेले. एका तेलुगू वाहिनीने श्रद्धांजली वाहिली, ती लेकीने लॅबमध्ये मला मोबाइलवर दाखवली. एक पोट, त्यावर पडणारी फुलं, आणि खाली सरांचं नाव.

"नान्ना का और कुछ नहीं मिला इनको?" तिने विचारलं.

होतं ते त्यांनी स्वतःच्या हाताने कापलं होतं.