रबराचं बूच

दादाला मी शेवटचं पाहिलं तेव्हा तो बोरिवलीच्या घरात खिडकीपाशी बसून गोळ्यांची बाटली कानाशी धरून हलवत होता. झाकण उघडून आत बघायचं ही साधी रीत त्याला कधी पटली नाही. ‘तीनच उरल्यात गं,’ म्हणाला, आणि खरंच तीन होत्या. त्या दिवशी मी त्याला एक गोष्ट सांगायचीच असं ठरवून गेले होते. जवळजवळ चाळीस वर्षं पोटात ठेवलेली गोष्ट. पण वहिनीने चहा आणला, मग शेजारच्या बाई आल्या, मग त्याचे डोळे मिटू लागले... पुढच्या रविवारी बोलू म्हणून मी उठले. शुक्रवारी सकाळी मेथी निवडत होते, तेव्हा वहिनीचा फोन आला. ती काही बोलण्याआधीच मला कळलं. त्याला आता पाच आठवडे झाले, आणि ती गोष्ट त्याला सांगायची राहिली ती राहिलीच.

आमचे वडील, आबा, मालवणकडून गिरणीत आलेले. उभा जन्म सूतखात्यात गेला आणि कापसाची धूळ छातीत साठत गेली. ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर ते घरी बसले तेव्हा बाथरूमपर्यंत चालतानाही त्यांना दोनदा थांबावं लागे. आई आधीच गेली होती. मरोळच्या दोन खोल्यांत आम्ही तिघं. दादा तिथल्याच औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात फिटर, मी पार्ल्याच्या शाळेत नुकतीच लागलेली मास्तरीण. दर मंगळवारी आणि शुक्रवारी आबांना हॉस्पिटलात न्यावं लागायचं. रिक्षात नेलं तर रस्त्याच्या धुराने ते अर्ध्या वाटेतच काळेनिळे पडायचे. म्हणून दादाने कारखान्याच्या मालकांना विचारलं. त्यांची एक जुनी परदेशी गाडी शेडमागे धूळ खात पडली होती. ‘चालू करून दाखव आणि ने,’ ते म्हणाले. दादाने आठ दिवसांत ती चालू केली.

गाडी चालायची, पण सिग्नलला थांबली की थरथरून बंद पडायची, आणि इंजिनातून सारखा फस्स फस्स आवाज यायचा. आबा मागच्या सीटवर उशीला टेकून म्हणायचे, ‘ही माज्यासारकीच धापता गो.’ ते गमतीने म्हणत, पण मला तो आवाज सहन होईना. एका शुक्रवारी अंधेरीच्या नाक्यावर गाडी तिसऱ्यांदा बंद पडली, मागचे लोक हॉर्न बडवायला लागले, आणि मी दादावर खेकसले. ‘तो आवाज आधी बंद कर. काहीही कर, पाइप तोड, बूच घाल, पण बंद कर.’ दुसऱ्या दिवशी त्याने आवाज येणारा पाइप शोधला, उपटला आणि इंजिनाच्या बाजूचं भोक एका रबराच्या बुचाने बंद केलं. पाइपाचं दुसरं टोक जिथे बसायचं तिथेही बोळा कोंबला. त्या काळी मरोळात कुणीही हेच केलं असतं. परदेशी गाडीतला जो भाग कशासाठी आहे ते कळत नाही, तो फालतू समजायचा आणि त्याचं तोंड बंद करायचं. आवाज गेला. गाडी सिग्नलला नीट उभी राहू लागली. ‘बघ, झकास,’ दादा म्हणाला आणि मी त्याची पाठ थोपटली.

तीन आठवड्यांत गाडीखाली तेलाचा डाग पडू लागला. आत जळक्या तेलाचा वास येई. आम्ही काच खाली करायला गेलो की आबा म्हणत, ‘लाय गो ती काच, वारो लागता.’ त्यांचा खोकला वाढत चालला, आणि जास्त वाढायचा तो नेमका मंगळवारी आणि शुक्रवारी. आम्हाला वाटे, जाण्यायेण्याची दगदग. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन विचारलं, ‘घरी चूल आहे का? कोणी विड्या ओढतं का? यांना धूर कुठून मिळतोय?’ मी म्हटलं, गॅस आहे, विडी कोणी ओढत नाही. दोन मेकॅनिकनी गाडी बघून सांगितलं, पिस्टनच्या रिंगा गेल्यात, इंजिन खोलावं लागेल. खोललेलं इंजिन पुन्हा जुळेपर्यंत आबांना न्यायचं कसं? दादा कामावरून आला की गाडीखाली शिरायचा आणि हाताला काही न लागता बाहेर यायचा. एका मंगळवारी जिन्यात बसून आबा म्हणाले, ‘माका आता खंय नेव नको.’ त्या दिवशी मी आणि दादा दोघेही स्वयंपाकघरात उभे राहून रडलो.

त्या रविवारी तो गाडी घेऊन आरे कॉलनीत गेला. चढावर गाडी कशी ओढते ते बघायचं होतं. मीही गेले, तपासायच्या वह्या मांडीवर घेऊन. एका झाडाखाली त्याने बॉनेट उघडलं, इंजिन चालू ठेवलं, तेल भरायच्या भोकाचं झाकण काढलं आणि माझ्या वहीतला एक कोरा कागद मागून त्यावर ठेवला. कागद उडाला. ‘आत हवा कोंडतेय,’ तो म्हणाला. ‘पण का?’ मग घासलेटाच्या फडक्याने बॉनेटच्या आतली बाजू पुसू लागला आणि काजळीखालून इंग्रजीत छापलेली एक चिकटपट्टी निघाली. पाइपांची आकृती आणि चार ओळी. ‘वाच ना गं.’ मी वाचत गेले आणि मराठीत सांगत गेले. इंजिनात साठणारा विषारी धूर बाहेर सुटू नये म्हणून एका व्हॉल्व्हमधून तो परत इंजिनातच ओढून जाळतात. व्हॉल्व्ह हलवला की वाजला पाहिजे. नाही वाजला तर साफ करा किंवा बदला.

‘परत वाच,’ दादा म्हणाला. मी परत वाचलं. त्याने बोळ्यामागचा तो व्हॉल्व्ह काढून कानाशी धरला, हलवला. काही नाही. डब्यात घासलेट ओतून तो बुडवून ठेवला, काळा चिकट गाळ निघाला, पुन्हा हलवला, पुन्हा बुडवला... चौथ्या वेळी आतून टक् झालं. बूच आणि बोळा काढून त्याने पाइप जिथल्या तिथे लावला. या वेळी गाडी बंद पडली नाही, फस्स आवाजही आला नाही, आणि भोकावर ठेवलेला कागद आत ओढला जाऊन तिथेच चिकटून बसला. एवढंच होतं. आम्हाला आनंद व्हायला हवा होता. दादा मातीत बसला, हातात ते बूच. ‘म्हणजे बुचाने कोंडलेला धूर फटींतून गाडीत येत होता, आणि दीड महिना काचा लावून मी आबांना तो पाजला,’ तो म्हणाला. तेव्हा मी बोलायला हवं होतं. बूच घाल असं मी म्हटलं होतं, हे त्याच्याशेजारी मातीत बसून सांगायला हवं होतं. मी वह्या गोळा केल्या आणि म्हणाले, ‘चल, आबा एकटे आहेत.’

त्यानंतर गाडीत वास आला नाही. आबांनाही प्रवासात जरा बरं वाटे. पण त्यांना पुढे दोनच महिने मिळाले. डॉक्टर म्हणाले, छाती मुळात संपलेलीच होती. धुराने किती दिवस कमी झाले हे कोणीच सांगू शकलं नाही, आणि नेमका तोच हिशेब दादा आयुष्यभर करत राहिला. वर्गात खोटं बोलणाऱ्या मुलांना मी उभं करत असे, आणि घरी आल्यावर त्याच्याकडे बघवत नसे. मला माझी लाज वाटायची. अजून वाटते.

दिवसकार्य झाल्यावर वहिनीने त्याच्या हत्यारांच्या पेटीतून एक चपटी डबी काढली. आत काळं, कडक झालेलं रबराचं बूच. ‘हे बघून किती वेळा सांगायचे,’ ती म्हणाली. ‘“बूच मीच घातलं, मला कोणी सांगितलं नव्हतं.” कोणी विचारलेलंही नसायचं, तरी तेवढं म्हणायचेच.’

कोणी विचारलेलं नसताना माणूस असं का सांगेल... त्याच्या लक्षात होतं सगळं. नाक्यावरचं माझं खेकसणं, त्यातला शब्द न् शब्द. ‘वहिनी, मीच सांगितलं होतं,’ मी म्हटलं. वहिनीने डबीचं झाकण लावलं आणि ती माझ्या हातात दिली. माझा हात आपोआप कानाशी गेला. मी डबी हलवली आणि दादासारखीच ऐकत बसले.